सव्वा मूठ गहू

अभिमनभाऊंचं नाव दिल्लीत चाललं आहे, ही बातमी शिंदखेड्यात शुक्रवारी सकाळी पोहोचली. दुपारपर्यंत ते किती चाललं, कुणामुळे चाललं आणि कुठे दम खायला बसलं, हे खात्रीने सांगू न शकणारा माणूस गावात उरला नव्हता. एका वाहिनीने तर राष्ट्रीय अध्यक्षपदाच्या तीन संभाव्य नावांत भाऊंचा फोटोही दाखवला. फोटो नाशिककडच्या दुसऱ्याच कुणा पुढाऱ्याचा होता. भाऊंच्या मुलाने, रुपचंदने, वाहिनीला फोन लावायला घेतला तेव्हा भाऊ म्हणाले, "राहू दे रे. चेहरा बरा आहे त्याचा."

स्टेशन रोडवरच्या त्यांच्या घराच्या हॉलमध्ये शनिवारी भाऊबंदकी, म्हणजे कुळातली सगळी घरं, जमली होती. जमली होती ती कानबाईसाठी. पण श्रावणातली ती देवी रविवारी बसायची होती आणि पक्षाचा अध्यक्ष त्याच्या आसपास, त्यामुळे लोकांनी दोन्ही विषय एकाच बैठकीत घेतले.

"तीन नावं आहेत," रुपचंद समजावत होता. "दक्षिणेतल्या साहेबांना समर्थक फार, म्हणून बाकीचे घाबरतात. लखनौच्या साहेबांना शत्रू फार. पप्पांना दोन्ही नाहीत."

"म्हणजे काहीच नाही," सुंदरबाई म्हणाली. ही भाऊंची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का. सावद्याला केळीच्या बागायतदारांत दिलेली. दरवर्षी कानबाईच्या मखराला केळीचे खांब तीच गाडीत घालून आणायची.

"दिल्लीत ह्यालाच सर्वमान्य म्हणतात, आत्या."

"आमच्याकडे अशा माणसाला पंगतीत शेवटी वाढतात."

भाऊबंदकीतले सर्वांत वडील हिलालनाना लोडाला टेकून डोळे मिटून बसले होते. ते झोपले आहेत असं वाटायचं तेव्हा ते ऐकत असत, आणि ऐकत आहेत असं वाटायचं तेव्हा झोपलेले असत. ते म्हणाले, "आपला अभिमन अध्यक्ष व्हयना का पहिलं काम, सुपरफास्टले शिंदखेडाले थांबा."

"नाना, अध्यक्ष पक्षाचा. रेल्वेचा नाही."

"मंग काय उपयोग?"

भाऊ हसले. पंचवीस वर्षं आमदार, त्यात दोनदा मंत्री, आणि या सगळ्या काळात त्यांनी कुणालाही 'नाही' म्हटल्याची नोंद नव्हती. 'हो' म्हटल्याचीही नव्हती. ते 'बघू' म्हणत. धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत असा एकही वाद नव्हता ज्यावर त्यांनी समिती नेमली नव्हती. त्यांची हिंदी ऐकून उत्तरेकडचे लोक त्यांना गुजराती समजत, गुजराती लोक मराठी, आणि मुंबईतले पत्रकार त्यांना विदर्भातले समजून संत्र्यांविषयी विचारत. एवढ्या सगळ्यांचा गैरसमज आहे म्हणजे माणूस राष्ट्रीय पातळीचा असावा, असं रुपचंदचं मत होतं. वडील दिल्लीला गेले की शिंदखेड्याची जागा रिकामी होणार होती, हेही त्या मताच्या मागे उभं होतं. पण जरा आडोशाला.

दिल्लीहून त्रिलोकीनाथजी नावाचे निरीक्षक रविवारी येणार होते. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "परिवार से मिलेंगे. आपके भाई भी रहेंगे न? सुना है, कुछ दूरी है."

म्हणून सहा वर्षांनी भाऊंनी धाकट्या भावाला फोन केला होता. आणि नवल आला होता.

तो हॉलच्या अगदी दाराशी, खुर्चीवर बसला होता. चप्पल त्याने पायातून काढली होती, पण फार लांब ठेवली नव्हती.

*

नवलचं जामनेरला बी-बियाण्याचं दुकान होतं. वहिनीने फोनवर बोलावलं असतं तर तो कदाचित आधीच आला असता. पण बोलावलं भाऊने, आणि का बोलावलं हे फोन ठेवायच्या आतच त्याला कळलं. नाही म्हणायचं त्याने ठरवलंही होतं. मग बायको, रत्ना, म्हणाली, "जाऊ या. त्या घरात त्याची खोली आहे."

त्याची म्हणजे भूषणची.

भूषण आठवीपासून काकांकडे शिंदखेड्याला शिकला. मुळात शिकायला ठेवला होता, पण काकांच्या मागे फिरण्यातच त्याचं शिक्षण झालं. झेंडे बांधायला तो, सभेला सतरंज्या टाकायला तो, काकांचं भाषण लांबलं की मागून सदरा ओढायलाही तोच. सहा वर्षांपूर्वी मतदानाच्या आदल्या पहाटे प्रचाराची जीप घेऊन तो दोंडाईचाहून निघाला आणि उभ्या ट्रकवर आदळला. तेवीस वर्षांचा होता.

भाऊ त्या निवडणुकीत आजवरच्या सर्वांत मोठ्या फरकाने निवडून आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा मथळा होता: 'सहानुभूतीच्या लाटेत विरोधक वाहून गेले'. शेजारी भूषणचा हार घातलेला फोटो. नवलने तो मथळा दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचला. आपला मुलगा लाट झाला आहे, हे त्याला असं कळलं.

भाऊंनी ती लाट उठवली नव्हती. ते तर दवाखान्याच्या ओट्यावर बसून होते. कार्यकर्त्यांनी परस्पर फलक छापले. पण भाऊंनी ती थांबवलीही नाही. 'बघू' म्हणाले असतील.

त्या वर्षी घरात सुतक होतं. पुढच्या श्रावणात नवलने निरोप धाडला, आमचे रोट यापुढे वेगळे. खान्देशात भावाभावांत शेत वाटलं जातं, विहीर वाटली जाते, बांधावरून कोर्टात जातात आणि संध्याकाळी एका ओट्यावर बसतात. पण कानबाईचे रोट, तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, वेगळे झाले की मग म्हणायला काही राहत नाही.

*

आत, स्वयंपाकघराच्या बाजूला धुतलेल्या फरशीवर भागाबाईंनी कोरं कापड पसरलं. अभिमनभाऊंची बायको म्हणजे या घरातली मोठी सून. रोटाचे गहू मोजण्याचा मान तिचा. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू कापडावर टाकायचे. त्या सगळ्या गव्हांचं दळण होतं, त्याच्याच पुरणपोळ्या होतात, आणि त्या कुळातल्यांनीच खायच्या. बाहेरच्याला घास द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. तिचं कूळ बदललेलं.

रत्ना समोर बसली होती. सहा वर्षांत दोघी जावांची ही पहिली बैठक. सकाळपासून त्या पाणी, हळद, चाळणी यांवर बोलल्या होत्या.

भागाबाईंनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली. "हिलाल." सव्वा मूठ. "झुलाल." सव्वा मूठ. सासऱ्यांच्या चुलतभावांपासून खाली उतरत उतरत त्या आपल्या घरापाशी आल्या. "अभिमन. रुपचंद." मग त्या क्षणभर थांबल्या, रत्नाकडे बघून हसल्या, कारण सहा वर्षांनी हे नाव घ्यायचं होतं. "नवल," त्या म्हणाल्या, आणि मूठ चांगली भरून घेतली.

"भूषण."

गहू पडून गेल्यावर त्यांना ऐकू आलं, की आपण काय म्हणालो.

लग्न होऊन आल्यापासून त्या मोजत होत्या. पोर जन्मल्यापासून नवलच्या मागे भूषण येत होता. सहा वर्षं नवल नव्हता म्हणून भूषणही आला नाही. आज बापाचं नाव घेतलं आणि पोरगा मागोमाग आला, तसाच, चपला न काढता घरात शिरायचा तसा.

भागाबाई हात तसाच धरून बसल्या. रत्ना गव्हाकडे बघत होती. रडली नाही. उलट तिचा चेहरा, कुणीतरी दारात हाक मारावी तसा झाला होता.

"ओ माय," मागून एक म्हातारी म्हणाली. "काय करी बठनी तू, भागा!"

*

आतलं बाहेर यायला वेळ लागला नाही. हिलालनानांनी डोळे उघडले.

"मरेल माणूसनी मूठ रोटमा चालस नही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. नियम सांगताना ते नेहमी जरा दुःखीच असत. "देवीनं काम शे. काढा ती बाहेर."

रत्ना दारात येऊन उभी राहिली. नानांसमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"काढा ना नाना," ती म्हणाली. "कोणते दाणे त्याचे, तेवढे ओळखून काढा."

नानांनी डोळे परत मिटले.

रुपचंद व्यवहारी मुलगा. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? हे गहू गाईला घाला. दुसरे घ्या. पुन्हा मोजा. चूक झाली, दुरुस्त केली. विषय संपला."

"कोण मोजी?" आतून भागाबाईंचा आवाज आला.

"तू, आई. मान तुझा आहे."

"मी परत मोजस नही." त्या बाहेर आल्या. हाताला अजून गव्हाचा कोंडा होता. "हिच्यासमोर बसून नवल म्हणू, आन् मग त्याला सोडून पुढचं नाव घेऊ? तुला जमतं तर तू मोज."

"आई, पण रविवारी दिल्लीचे…"

"दिल्लीले सांग, शिंदखेडानं जातं बंद शे."

मग सगळे नेहमीप्रमाणे भाऊंकडे बघू लागले.

भाऊंनी खिशातला चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला. सवयीने ते म्हणाले, "असं करू. नाना, झुलाल आणि दोन बायामाणसं, असे चौघं बसून…"

"समिती?" नवल म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा हा पहिला शब्द.

भाऊ थांबले.

"आपल्या घरात तरी एकदा हो म्हण नाहीतर नाही म्हण, भाऊ," नवल म्हणाला. "माझ्या पोराचा विषय आहे. तू त्या वेळीही काही बोलला नव्हतास."

भाऊ उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू. ते आत गेले. कापडावर गव्हाचा ढीग होता, शेराच्या मापात सांगायचं तर फार नव्हता. पाय मुडपून ते त्याच्यासमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकांच्या या जागेवर बसले होते आणि तिथे कसं बसायचं हे त्यांना माहीत नव्हतं. एक पाय फरशीवर निसटत होता.

त्यांनी ढिगातून एक मूठ घेतली. मग चिमटीने वर पाव मूठ. ते गहू आपल्या धोतराच्या सोग्यात टाकले.

"ही मनी मूठ, अभिमननी," ते म्हणाले. "आते हिशोब बरोबर शे."

कुणाला काही कळायच्या आधी हिलालनानांना कळलं. "मंग तुले रोट खाता येस नही, अभिमन."

"ठीक शे."

"देवीसमोर पंगतमा बसता येस नही."

"ठीक शे, नाना."

"जित्ता माणूस आपली मूठ काढी लेस…" नानांना पुढचा नियम आठवेना. असा नियम कुणाला लागलाच नव्हता. "ठीक शे," तेही म्हणाले आणि लोडाला टेकले.

भाऊंनी सोग्यातले गहू अंगणात नेऊन चिमण्यांना टाकले. रत्नाने कापडाची चारी टोकं गोळा केली आणि गाठ मारली. गाठ तिने दोनदा मारली.

नवल दाराशीच होता. भाऊ त्याच्या जवळून गेले. त्याच्या मनात आलं, हा माणूस फार मोठा नट आहे. मग मनात आलं, की आज समोर कॅमेरा नव्हता. मग आलं, की कॅमेरा रविवारी येणार आहे. त्याने चप्पल पायात घातली, गेटपर्यंत गेला, आणि परत आला.

*

रविवारी तिसऱ्या प्रहरी त्रिलोकीनाथजी आले. पांढरा कुर्ता, बारीक आवाज, साखरेचा आजार. पक्षात त्यांच्या बोलण्याला नव्हे तर गप्प बसण्याला महत्त्व होतं. त्यांच्यासोबत एक छायाचित्रकार होता.

घर सजलं होतं. सावद्याच्या केळीच्या खांबांत कानबाई बसली होती. नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं. पुरण, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळ्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. आत पंगत मांडली होती. हिलालनाना, झुलाल, रुपचंद, पोरंसोरं. नवल आणि रत्ना देवीच्या अगदी समोर, आणि दोघांच्या मध्ये एक पान वाढलेलं.

बाहेर ओसरीवर लाकडी बाक होता. त्यावर माहेरी आलेल्या लेकी बसलेल्या. त्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवरचा. बाकाच्या एका टोकाला सुंदरबाई होती, आणि तिच्या शेजारी, मांडीवर थाळी घेऊन, पक्षाचे संभाव्य राष्ट्रीय अध्यक्ष.

त्रिलोकीनाथजी पाहुणे, म्हणून त्यांनाही तिथेच बसवलं. त्यांनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं, छायाचित्रकाराकडे पाहिलं. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली केला. काय टिपावं हे त्यालाही समजेना.

"आप अंदर नहीं बैठे, भाईसाहब?"

"नहीं," भाऊ म्हणाले. "आज इधरच है मैं."

"सब भाई-बंधु तो अंदर हैं." ते खूप हळू बोलत. "आपके छोटे भाई भी. घर में कोई… अप्रसन्नता?"

रुपचंद, पंगतीतून मध्येच उठायचं नसतं तरी, उठून दारात आला होता. तो वाकून वडिलांच्या कानाशी लागला. "पप्पा, सांगा ना. सगळं सांगा. भूषणचं, मुठीचं. पुतण्यासाठी आपली मूठ काढली, हे सोनं आहे! उद्या सगळ्या पेपरात येईल. अध्यक्षपद सोडा, लोक रडतील."

हे त्याने हळू सांगितलं. पण तो प्रचारात वाढलेला मुलगा, त्याचं हळू म्हणजे पंगतीच्या चौथ्या पानापर्यंत. आत नवलचा हात पानावर थांबला. रत्नाने मान वर केली नाही.

भाऊंनी मुलाकडे पाहिलं. मग त्यांनी असं काही केलं जे पंचवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

"पप्पा…"

"नाही म्हटलं ना. जा, जेव."

रुपचंद गेला. भाऊ त्रिलोकीनाथजींकडे वळले आणि आपल्या त्या प्रसिद्ध हिंदीत म्हणाले, "हमारे इधर ऐसाच रहता है, जी. आप भाजी लो. गंगाफल है. शुगर को चलता."

त्रिलोकीनाथजींनी दोन घास खाल्ले, देवीला दुरून नमस्कार केला आणि छायाचित्रकाराला खूण केली. गाडीत बसताना ते गेटवर आलेल्या रुपचंदला म्हणाले, "पिताजी बहुत सज्जन हैं." दिल्लीत हे वाक्य कुणाविषयी म्हणतात ते रुपचंदला माहीत होतं. तो गाडी वळेपर्यंत हात जोडून उभा राहिला आणि गाडी वळल्यावरही हात सोडायचे विसरला. मग जाऊन आपल्या पानावर बसला. पुरणपोळीवरचं तूप थिजलं होतं.

निरोप पंगत संपता संपताच आला. फोन झुलालला आला, त्याने आत सांगितलं, आतून तो बाहेर आला. दिल्लीत त्रिलोकीनाथजी गाडीतूनच बोलले होते म्हणे: ज्यांना आपल्याच घरच्या पंगतीत जागा नाही, त्यांना पक्ष कसा सांभाळता येईल. दक्षिणेतल्या साहेबांचं पक्कं झालं होतं.

"म्हंजे सुपरफास्ट गयी," हिलालनाना हात धुता धुता म्हणाले.

भाऊंनी मान हलवली. त्यांच्या थाळीत अर्धी भाकरी तशीच होती. सत्तरीच्या माणसाला शेवटचं एकदा काहीतरी हवं असतं, आणि ते त्यांना हवं होतं, खूपच हवं होतं. हे बाकावरच्या बहिणीशिवाय कुणाला सांगायला नको होतं, आणि तिला सांगावं लागत नव्हतं. सुंदरबाईने त्यांच्या थाळीतली भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि त्यांच्या हातात दिली.

"मी केळीना खांब लई येस, आन् तुम्ही माले दरसाल आठे बाकवर बसाडतस," ती म्हणाली. "कितला वरीस व्हयनात. आज समजनं तुले, कसं लागस?"

"समजनं, अक्का."

"मंग खा."

त्यांनी घास तोंडात घातला.

आतली पंगत उठली. रत्नाने मधलं पान उचललं. त्यावर काहीही उरलेलं नव्हतं, रोटाचं काही उरू देत नाहीत. ते अर्धं तिने खाल्लं होतं आणि अर्धं नवलने. भागाबाई दाराच्या कडेला उभ्या राहून तिला चूळ भरायला पाणी घालत होत्या. पाणी सांडत होतं, पण तांब्या दोघींपैकी कुणी सरळ केला नाही.

नवल ओले हात पंच्याला पुसत ओसरीवर आला. बाकावर जागा नव्हती. तो भाऊंच्या समोर उभा राहिला. दोघांचेही केस पिकले आहेत हे सहा वर्षांत दोघांनी बघितलं नव्हतं, आता बघितलं.

"लेकीसनी जागा शे ही," सुंदरबाई म्हणाली. "बठ्ठा माणसे आठेच येवाले लागनात!" आणि तिने सरकून घेतलं.

नवल भाऊंच्या शेजारी बसला. गल्लीत पोरं केळीच्या खांबाचा सुटलेला सोप ओढत पळत होती.

"पोऱ्यानी पोटभर खादं, भाऊ," नवल म्हणाला.